वर्गणीच्या पावतीपलीकडे

डॉक्टरांची असते, वकिलांची असते, सनदी लेखापालांची असते. रिक्षावाल्यांची, औषधविक्रेत्यांची, केशकर्तनालयवाल्यांचीही असते. पण वेबसाइट बनवणाऱ्यांची संघटना कुठली, असं विचारलं की या धंद्यात वीस-बावीस वर्षं काढलेली माणसंही जरा घुटमळतात. मी त्यांच्यातलाच एक. कोणाला एखादं नाव आठवलंच, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण मेंबर होऊन मिळतं काय?"

प्रश्न रास्त आहे. वर्गणी खिशातून जाते, मग त्या बदल्यात काय, हे विचारायलाच हवं. संघटनांच्या माहितीपत्रकांत याचं उत्तर छापलेलं असतं: परिषदांच्या शुल्कात सवलत, मासिक, प्रमाणपत्र, ओळखीपाळखी. ही यादी वाचून आजवर कोणी फार हरखून गेल्याचं मी पाहिलेलं नाही. मला वाटतं, उत्तर या यादीत नाहीच. ते शोधायचं तर वेबच्या तीसेक वर्षांच्या इतिहासात जावं लागेल, कारण हा धंदा जन्मल्यापासून त्यातल्या लोकांनी एकत्र येण्याचे बरेच प्रयोग करून पाहिले आहेत. काही फसले, काही फळले, आणि दोन्हींची कारणं बोलकी आहेत.

गिल्ड

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली वेब जगापुढे ठेवलं आणि ३० एप्रिल १९९३ रोजी 'सर्न'ने त्यावरचा हक्क सोडून ते सगळ्यांना खुलं केलं. पुढच्या वर्ष-दीड वर्षात एक नवाच धंदा उभा राहिला. त्याची पदवी नव्हती, अभ्यासक्रम नव्हता, दरपत्रक नव्हतं. कोणी ग्रंथपाल होता, कोणी छपाईतला, कोणी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. दुसऱ्याचं पान उघडायचं, त्यामागचा कोड बघायचा, तसं करून पाहायचं, एवढंच शिक्षण.

या लोकांनी १९९४ मध्ये 'एचटीएमएल रायटर्स गिल्ड' स्थापन केली. नाव मोठं सूचक आहे. त्यांनी 'सोसायटी' म्हटलं नाही, 'इन्स्टिट्यूट' म्हटलं नाही. मध्ययुगातल्या विणकर-सुतार-सोनारांच्या गिल्डचं नाव उचललं. आपण हाताने काम करणारे कारागीर आहोत, काम एकमेकांकडून शिकतो आणि आपलं हित आपण मिळून पाहणार आहोत, असा त्यात दावा होता.

गिल्ड ही कल्पना आपल्याला परकी नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातला नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख म्हणजे आपल्याकडच्या श्रेणींचा अव्वल दर्जाचा पुरावा. उषवदाताने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले, ते गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. हिशेब करून पाहा: दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि नोंदवला गेला, असंही लेखात म्हटलं आहे.

राजघराण्यातला माणूस कायमची ठेव विणकरांकडे ठेवतो, ती कुणा एका विणकरावर भरवसा ठेवून नव्हे. विणकर आजारी पडेल, गाव सोडेल, मरेल. श्रेणी राहील आणि सभासदांच्या वतीने जबाब देईल. संघटनेचं मूळ मोल इथे आहे. धंद्याबाहेरच्या माणसाला एकेका कारागिराची पारख करता येत नाही, म्हणून तो संघटनेच्या शब्दावर विसंबतो. तो शब्द खरा ठरतो तोवर सभासदत्वाला किंमत असते.

एचटीएमएल रायटर्स गिल्डला असा शब्द मिळवता आला का? सभासद भरपूर मिळाले. नव्वदचं दशक संपेपर्यंत गिल्ड आपली संख्या लाखाच्या वर सांगत होती. तिने स्वस्तात ऑनलाइन वर्ग चालवले. अपंगांना वापरता येतील अशा वेबसाइट कशा बनवायच्या हे शिकवण्यासाठी वेगळं केंद्र काढलं, तेही हा विषय फारसा कोणाच्या गावी नसताना. पण गिऱ्हाइकाच्या लेखी गिल्डच्या सभासदात आणि इतरांत फरक नव्हता. सभासद होण्यासाठी काही सिद्ध करावं लागत नसे आणि वाईट काम केलं म्हणून सभासदत्व जातही नसे. सगळ्यांना खुलं दार ही तिची उदारता होती आणि तीच तिची मर्यादा. २००१ मध्ये ती 'इंटरनॅशनल वेबमास्टर्स असोसिएशन'मध्ये विलीन झाली.

एका बाबतीत मात्र गिल्डने एकट्यादुकट्याला न जमणारं काम केलं. वेबचे तांत्रिक नियम ठरवणारी 'डब्ल्यूथ्रीसी' ही संस्था १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये एमआयटीत सुरू झाली. तिचे सभासद म्हणजे कंपन्या, विद्यापीठं, सरकारी खाती. वर्गणी एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरची. एचटीएमएल रोज हाताने लिहिणाऱ्या माणसाला एचटीएमएलचे नियम ठरवणाऱ्या टेबलाशी खुर्ची नव्हती. गिल्ड स्वतः डब्ल्यूथ्रीसीची सभासद झाली आणि ती खुर्ची तिने मिळवली. प्रमाणपत्रापेक्षा आणि सवलतीपेक्षा हे कितीतरी मोलाचं होतं. पण ते कुठल्याच सभासदाच्या हातात पडत नव्हतं, त्यामुळे 'मिळतं काय' या यादीत त्याला जागा नव्हती.

मूठभरांचा विजय

खुर्ची मिळूनही खरं दुखणं तसंच होतं. १९९७ मध्ये नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांचे चौथ्या आवृत्तीचे ब्राउझर आले आणि दोघांचं एकमेकांशी काहीही जुळेना. एकाची सरपटणारी अक्षरं, दुसऱ्याची लुकलुकणारी. एकाच्या ब्राउझरवर नेटकं दिसणारं पान दुसऱ्यावर विस्कटून पडे. त्या काळी वेबसाइटच्या तळाशी 'हे पान अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसेल' अशी पाटी असायची, ती आठवत असेल. नाहीतर एकच वेबसाइट दोनदा बनवायची आणि गिऱ्हाइकाला दोनदा का, हे समजावत बसायचं.

१९९८ मध्ये जॉर्ज ऑल्सेन, ग्लेन डेव्हिस, जेफ्री झेल्डमन आणि इतर काही जणांनी 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' सुरू केला. माणसं थोडी, पगारी कोणीच नाही. मागणी एकच: डब्ल्यूथ्रीसीने जे नियम ठरवलेत आणि जे ठरवताना तुम्ही कंपन्या स्वतः हजर होता, ते तुमच्या ब्राउझरमध्ये पाळा. त्यांनी धंद्याची भाषा वापरली. ब्राउझरांच्या या बेबनावामुळे प्रत्येक वेबसाइटचा खर्च निदान पंचवीस टक्क्यांनी वाढतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सीएसएसमध्ये कोणता ब्राउझर कुठे चुकतो, याची यादी त्यांच्यातल्या सात जणांच्या गटाने करून जाहीर केली. नुसती ओरड असती तर कंपन्यांनी कानाआड केली असती, पण दुरुस्त्यांच्या नेमक्या यादीकडे त्यांच्या अभियंत्यांना काणाडोळा करता येईना. पुढे ड्रीमविव्हर बनवणाऱ्या कंपनीबरोबर बसून त्यांनी त्या साधनातून निघणारा कोड सुधारून घेतला. २००५ मध्ये 'ॲसिड टू' ही चाचणी काढली. ब्राउझर नियम पाळत असेल तर पडद्यावर एक हसरा चेहरा दिसायचा, नसेल तर त्याची चाळण. कोणाचा चेहरा आधी नीट हसतो, याची कंपन्यांत चढाओढ लागली.

१ मार्च २०१३ रोजी त्यांनी आपलं काम झालं असं जाहीर करून दुकान बंद केलं. काम संपलं म्हणून बंद झालेल्या संघटना इतिहासात किती सापडतील?

इथे कोणी म्हणेल, की मग सभासदत्वाची गरजच कुठे राहिली? लाखभर सभासदांच्या गिल्डला जे जमलं नाही ते मूठभरांनी वर्गणीशिवाय केलं. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण आज आम्ही सगळे त्या मूठभरांच्या कष्टांवर जगतो आहोत. पण त्यांना यश का आलं हेही पाहायला हवं. त्यांची मागणी वेबसाइट बनवणाऱ्याच्या सोयीची होतीच, वर ती पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्याही फायद्याची होती. पंचवीस टक्के वाचत असतील तर कोणाला नको आहेत? कारागिराचं आणि यजमानाचं हित एकाच पारड्यात असलं की मूठभर माणसं पुरतात. ते दोन पारड्यांत पडलं की काय होतं, ते पुढे येईल. त्याआधी खुर्चीची एक घरची गोष्ट.

ॲ ची गोष्ट

मराठी वेबसाइट त्या काळात कशा होत्या हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. शिवाजी, किरण अशा नावांचे फॉन्ट आधी उतरवून घ्यायचे, मग मजकूर दिसायचा. फॉन्ट नसला तर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा. वर्तमानपत्रांचं तेच. तो मजकूर शोधयंत्रांना सापडत नसे, एका ठिकाणचा दुसरीकडे चिकटवता येत नसे. त्या वर्षांत मराठीत जे लिहिलं गेलं त्यातलं बरंच आज कोणाला वाचता येत नाही, याचं एक मोठं कारण हे आहे.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. ते चालवणारी संस्थाही सभासदांचीच. पूर्ण सभासदत्व घेणाऱ्याला मत, आणि असे सभासद मुख्यतः मोठ्या कंपन्या आणि काही सरकारं. देवनागरीची मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय प्रमाणावरून घेतली गेली. सोय झाली, पण मराठीच्या खास गरजांपैकी काही मागे राहिल्या. 'ॲ' हे अक्षर घ्या. हिंदीवाले 'ऐप' लिहून मोकळे होतात, आपल्याला 'ॲप' लागतं. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत त्याच्यासाठी काहीतरी जोडाजोड करावी लागे आणि ती जागोजागी वेगळी दिसे. कोणीतरी प्रस्ताव लिहिला, पुरावे जोडले, समितीपुढे ठेवले, तेव्हा ते अक्षर आलं. अशी कामं घरी बसून चरफडण्याने होत नाहीत, समितीच्या दारापर्यंत कागद पोचवावा लागतो. वर 'ॲसिड' लिहिताना मला काही विचार करावा लागला नाही, याचं श्रेय त्या कागदाला आहे.

'नाही' म्हणण्याची किंमत

आता ती दोन पारड्यांची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने मला सांगितलं, की प्रवासाचं तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण असू दे. ज्याला विमा नको तो काढेल. लोक ती खूण काढत नाहीत म्हणूनच ती हवी होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी नाही म्हटलं. भांडण झालं नाही, कोणी आवाज चढवला नाही. काम दुसऱ्याकडे गेलं आणि दोन दिवसांत ती खूण वेबसाइटवर झळकली. माझ्या नकाराने एकाही प्रवाशाचा एक रुपयाही वाचला नाही.

अशा लबाड्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये दिलं. ते नाव रूढ झालं, त्यावर व्याख्यानं झाली, आणि धंदा तसाच चालू राहिला. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढून असे तेरा प्रकार ठरवून दिले. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं त्यात आहेच. आता डेव्हलपर सरकारच्या कागदाकडे बोट दाखवू शकतो. पण ब्रिग्नल यांनी नाव दिल्यापासून मधली तेरा वर्षं त्याच्याकडे बोट दाखवायला काही नव्हतं.

अपंगांच्या बाबतीतही हेच झालं. अंध माणसाला वेबसाइट ऐकता यावी म्हणून काय करायचं, याचे नियम डब्ल्यूथ्रीसीने मे १९९९ मध्ये जाहीर केले होते. चित्राला शब्दांत वर्णन द्या, इतका साधा त्यातला पहिला नियम. तरीही २००६ मध्ये अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेला 'टार्गेट' या दुकानसाखळीला कोर्टात खेचावं लागलं. २००८ मध्ये साठ लाख डॉलरवर तडजोड झाली. मला या प्रकरणातली एक गोष्ट टोचते. नियम वेब बनवणाऱ्यांच्या जगात लिहिले गेले होते, पण ते पाळायला लावलं अंधांच्या संघटनेने. तिला सभासद होते, वर्गणी होती, वकील होते.

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांना 'मी हे करणार नाही' म्हणताना स्वतःच्या धाडसाची इतकी गरज पडत नाही. 'माझी सनद जाईल' एवढं वाक्य पुरतं, आणि पुढचा व्यावसायिकही तेच वाक्य म्हणेल याची खात्री असते. मग आम्हालाही सनद का नको?

हा प्रश्न अमेरिकेत विचारून झाला आहे. १९३७ मध्ये टेक्सासातल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वायुगळतीने स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर त्या राज्याने अभियंत्यांना परवाना सक्तीचा केला. त्याच टेक्सासने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीलाही परवान्याच्या कक्षेत घेतलं. पण संगणकतज्ज्ञांची सगळ्यात जुनी संघटना, १९४७ साली स्थापन झालेली एसीएम, हिने १९९९ मध्ये या परवान्यांना विरोध केला. तिचं म्हणणं असं, की या शास्त्राचं वय अजून लहान आहे, आणि परवाना असला म्हणून सॉफ्टवेअर भरवशाचं निघेल अशी हमी देता येत नाही. तरीही २०१३ मध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी परवान्याची परीक्षा सुरू झाली. पाच वेळा ती घेतली गेली, मिळून ८१ जण बसले, आणि २०१९ मध्ये ती बंद पडली.

मला त्या परीक्षेचं दुःख नाही. हा धंदा स्वयंशिक्षितांनी उभा केला आहे. अजूनही नगर, नांदेड, सावंतवाडीहून पदवीशिवाय आलेला मुलगा किंवा मुलगी सहा महिन्यांत इथे हात चालवायला लागते. युरोपातल्या जुन्या गिल्डांनी परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या नावाखाली ज्यूंना, परगावच्यांना आणि बहुतेक ठिकाणी स्त्रियांना बाहेर ठेवलं, हेही विसरायचं कारण नाही. दार बंद करून मिळवलेली पत मला नको आहे.

पण दार उघडं ठेवायचं म्हणजे घरात काहीच नियम ठेवायचे नाहीत, असं थोडंच आहे? आपल्याकडची स्थिती गमतीची आहे. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी केल्याशिवाय कोणी स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवू शकत नाही. आमच्या क्षेत्रात मात्र दर तिसऱ्या कार्डावर कसला ना कसला 'आर्किटेक्ट' छापलेला असतो. कंप्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ पासून आहे. व्याख्यानं, अधिवेशनं, विद्यार्थी शाखा हे काम तिने मोठं केलं. सरकारदरबारी या उद्योगाचा आवाज म्हणून ओळखली जाते ती १९८८ ची नॅसकॉम, आणि तिच्या सभासद आहेत कंपन्या. डब्ल्यूथ्रीसीत, युनिकोडमध्ये दिसलं तेच इथेही आहे: टेबलाशी मालक बसलेले असतात. ते वाईट असतात असं नाही, पण विम्याच्या चौकटीतली खूण कोणाच्या सांगण्यावरून पडते हे लक्षात घेतलं तर ती काढायचं काम त्यांच्यावर सोपवण्यात अर्थ नाही.

म्हणून 'मेंबर होऊन मिळतं काय' याला माझं उत्तर असं आहे. एकट्याला फारसं काही मिळत नाही. मासिक चाळलं जातं, प्रमाणपत्र ड्रॉवरमध्ये पडतं. वर्गणी भरायची ती आपण नकार दिल्यावर ते काम ज्याच्याकडे जाणार आहे, त्या दुसऱ्या माणसासाठी. तोही सभासद असेल आणि दोघांनी एकाच कागदावर सही केलेली असेल, तरच नकाराला वजन येतं. असा कागद फार मोठा लागत नाही. गिऱ्हाइकाच्या नकळत टोपलीत काही टाकणार नाही. चित्रांना वर्णन दिल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणणार नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच देईन. वापरणाऱ्याची माहिती लागेल तेवढीच मागेन. सदस्यत्व घेण्याचं बटण जेवढं मोठं, तेवढंच सोडण्याचं. ही पाच वाक्यं करारपत्राला जोडायची, खाली संघटनेचं नाव, आणि कोणी मोडली तर त्याचं नाव यादीतून काढायचं.

पुण्यात, मुंबईत, नागपुरात आजच्या घडीला वेबची कामं करणारी माणसं हजारोंनी आहेत. या पाच वाक्यांखाली त्यातल्या दोनशे सह्या मिळाल्या, तर विमा विकणाऱ्याला ती खूण लावून घ्यायला निदान दोन दिवसांहून जास्त फिरावं लागेल. तेवढ्यासाठी वर्षाची वर्गणी द्यायला मी तयार आहे.